दारूचा मक्ता आणि घराखालची जमीन: महाड–पोलादपूरमधील व्यसनमुक्ती व निवारा यांचा इतिहास

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीच्या पायथ्याला बिलगलेले दोन तालुके. इतिहासाच्या पुस्तकांत ते रायगड किल्ला, उमरठचे तानाजी मालुसरे आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांमुळे येतात. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांचे दारूशी आणि डोक्यावरच्या छपराशी असलेले नाते, तसेच त्या नात्यात सरकारने वेळोवेळी केलेला हस्तक्षेप, यांची चर्चा मात्र या पुस्तकांत क्वचितच आढळते. आणि आढळली तरी दारूचा विषय अबकारीच्या, म्हणजे मादक पदार्थांवरील कराच्या इतिहासात जातो, तर घराचा विषय पूर, दरडी आणि पुनर्वसनाच्या अहवालांत जातो. प्रत्यक्षात हे दोन्ही प्रश्न पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या वाट्याला आलेले आहेत. या भागात व्यसनमुक्तीचे जे प्रयत्न खरोखर रुजले, ते गाव, वाडी, भावकी किंवा मंडळी यांच्या आधाराने रुजले, आणि म्हणूनच ज्याच्या घराखालची जमीन त्याची नव्हती, ज्याला वर्षाचे सात-आठ महिने आपल्या वाडीत राहताच येत नव्हते, असा माणूस त्या प्रयत्नांच्या कक्षेबाहेर राहिला. सरकारी योजनांनी ही उणीव भरून काढणे अपेक्षित होते. पण त्या योजना दारू एका खात्याकडे आणि घर दुसऱ्या खात्याकडे सोपवून मोकळ्या झाल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलाबा जिल्ह्यात (जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले) दारूवरील वसुली मक्त्याने होत असे, म्हणजे ठरावीक रक्कम सरकारात भरून एखाद्या भागात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्तेदार विकत घेत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या व्यवस्थेची जागा कडक सरकारी नियंत्रणाने घेतली. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मध्यवर्ती ठिकाणी, सरकारी देखरेखीखाली गाळावी, तिच्या तीव्रतेप्रमाणे कर घ्यावा आणि माडी काढल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर स्वतंत्र कर बसवावा, असे या कायद्याचे स्वरूप होते. कुलाबा आणि ठाणे या जिल्ह्यांच्या दृष्टीने उरणच्या भट्ट्या हे दारूचे मोठे केंद्र ठरले. त्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि तेथे प्रामुख्याने मोहाच्या फुलांची दारू गाळली जाई. ही व्यवस्था टिकायची तर रानातल्या माणसाने स्वतःची दारू स्वतः गाळता कामा नये, हे ओघानेच आले. त्यामुळे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचा साठा व व्यापार यांवर निर्बंध घालणारा खास कायदा करण्यात आला आणि तो ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांना लागू झाला. मोहाचे फूल हे आदिवासी कुटुंबांचे केवळ दारूचे साधन नव्हते, ते टंचाईच्या दिवसांतले अन्नही होते, याची दखल या कायद्याने फारशी घेतली नाही. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल हे अबकारी खात्याचे जाहीर धोरण होते. त्यातील महसुलाचे कलम हिशेबाच्या वहीत दरवर्षी तपासले जात असे, खपाचे कलम मात्र भाषणांपुरते राहिले. हातभट्टी हा गुन्हा आणि सरकारमान्य गुत्त्यावरचे पिणे हा महसूल, ही विभागणी याच काळात पक्की झाली आणि पुढे सरकारे बदलली तरी ती मुळातून हलली नाही.

त्याच १८७८ साली भारतीय वन कायदाही संमत झाला, आणि महाड–पोलादपूरच्या डोंगरांतील कातकरी समाजाच्या दृष्टीने हे दोन कायदे वेगळे काढता येत नाहीत. कातकरी किंवा काथोडी हे नाव ज्या धंद्यावरून पडले तो कात काढण्याचा धंदा खैराच्या झाडावर अवलंबून होता: खैराचा गाभा तासून त्याच्या चिपा मडक्यांत उकळायच्या, तो अर्क आटवत न्यायचा आणि घट्ट झाल्यावर त्याच्या वड्या पाडायच्या. यासाठी कुटुंबे रानात खैर असेल तेथे मुक्काम हलवीत. राखीव वनांच्या हद्दी आखल्या गेल्या तसा हा धंदा परवान्याचा, पुढे पुढे चोरीचा आणि अखेर जवळजवळ अशक्य झाला; त्यातून बाहेर पडलेला कातकरी ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर आणि नंतर वीटभट्टीवर गेला. तेथील व्यवहार उचल या पद्धतीने चालतो, म्हणजे पावसाळ्यात घरात दाणा नसताना ठेकेदार आगाऊ रक्कम देतो, दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर हजर होते, आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर उचल फिटली की नाही हे ठेकेदाराच्या वहीवरून ठरते. वही वाचता न येणाऱ्याला त्या हिशेबाविरुद्ध बोलण्याची सोय नसते. खर्चीचा काही भाग बाजाराच्या दिवशी गुत्त्यावर जातो, ही गोष्ट कातकऱ्यांविषयी लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाने नोंदवली आहे; ए. एन. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही कर्ज, दारू आणि भटकी मजुरी ही त्यांच्या दैन्याची परिचित कारणे होती. ब्रिटिश काळातील नोंदींचा सूर मात्र वेगळा आहे. त्यांत कातकरी हा मुळातच दारूबाज आणि एका जागी न टिकणारा ठरतो. ज्या रानात तो फिरत होता ते त्याच्याकडून कोणी घेतले, हा प्रश्न नोंद करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

व्यसनमुक्तीची सार्वजनिक मागणी या भागातून पुढे आली ती एका वेगळ्या समाजाकडून आणि एका वेगळ्या संदर्भात. महाड, दासगाव आणि शेजारच्या दापोलीच्या परिसरात ब्रिटिश लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची मोठी वस्ती होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे याच वर्गातले. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अनार्य दोष परिहार मंडळीच्या द्वारे लेखन आणि प्रचार केला. पेन्शन घेणारा, थोडेफार शिकलेला, गावात स्वतःचे घर असलेला हा वर्ग पुढच्या चळवळीचा कणा ठरला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद दासगावच्या परिसरात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीतून उभी राहिली, आणि तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चवदार तळ्याच्या पाण्याने या परिषदेचे नाव इतके व्यापले आहे की तिचे ठराव सहसा वाचले जात नाहीत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयी सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत करून घेतलेल्या ठरावाची अंमलबजावणी, मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण, विद्यार्थी वसतिगृहांना मदत आणि मृतमांस खाण्यास कायद्याने बंदी या मागण्यांबरोबरच सरकारने दारूबंदी करावी, अशीही मागणी या परिषदेने केली होती. अध्यक्षीय भाषणात शेतीसाठी पडीक आणि जंगलातील जमिनी मिळवण्याचा आग्रहही धरला गेला. जमीन, शिक्षण, वसतिगृह आणि दारूबंदी या गोष्टी एका मांडवात, एकाच दमात मागितल्या गेल्या, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. नंतरच्या कोणत्याही सरकारी योजनेत त्या इतक्या जवळ आलेल्या नाहीत.

ही मागणी ज्या सरकारकडे केली गेली त्याची अडचणही ध्यानात घ्यावी लागते. १९१९ च्या सुधारणा कायद्याने आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत, म्हणजे काही खाती गव्हर्नरच्या अधिकाऱ्यांकडे आणि काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे अशा वाटणीत, शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती मंत्र्यांच्या बाजूला आली होती. दारूबंदी करावी तर शाळांसाठी पैसा कोठून आणावा, हा युक्तिवाद त्या काळात सर्रास केला जाई. दारू पिणाऱ्याच्या पैशातून त्याच्याच मुलाची शाळा चालवायची, ही व्यवस्था हिशेबाला कितीही चोख असली तरी तिच्यात काहीतरी निलाजरे होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडलाच भरलेली दुसरी परिषद २५ डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनामुळे प्रसिद्ध आहे. तिच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली. लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे दागिने, स्वच्छता आणि मुलींचे शिक्षण यांविषयी ते बोलले आणि नवरा असो की मुलगा, दारू पिऊन घरी येणाऱ्याला जेवायला वाढू नये, असेही त्यांनी बजावले. लुगड्याविषयीचा उपदेश बायकांनी लगोलग अमलात आणल्याच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. दारूविषयीच्या उपदेशाची तितकी चर्चा होत नाही. त्या उपदेशाचा आशय मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. मार्चच्या परिषदेने दारूबंदी सरकारकडे मागितली होती. डिसेंबरात तीच गोष्ट चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या हाती देण्यात आली. पिणाऱ्यावर दाब आणायचा तर तो रोज ज्या ताटावर बसतो त्या ताटातूनच आणायला हवा, हे या सूचनेमागचे गणित होते, आणि त्याला चूल, ताट आणि पिणारा रात्री जेथे परत येतो ते घर या तिन्ही गोष्टी गृहीत होत्या. १९५६ मध्ये नागपूरला झालेल्या धर्मांतरानंतर या भागातील महार समाज मोठ्या संख्येने बौद्ध झाला, तेव्हा पंचशीलातील पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांमधील दारू न पिण्याची प्रतिज्ञा यांनी या विचाराला धार्मिक आचाराचे रूप दिले. विहारात सर्वांसमक्ष घेतलेली शपथ मोडणाऱ्याला वस्तीतल्या नजरेला तोंड द्यावे लागे.

दारू सोडण्याच्या इतर पद्धतीही याच तत्त्वावर चालत आल्या आहेत. कुणबी आणि मराठा वाड्यांत पिणाऱ्याने पंढरीची माळ घालणे हा जुना रिवाज आहे. तुळशीच्या मण्यांची ही माळ गळ्याशी घट्ट असते, सदऱ्याच्या गळ्यातून दिसते, आणि ती घालणारा मांस व मद्य सोडून एकादशी आणि भजन यांत सामील होतो. पुन्हा प्यायचे झाल्यास माळ उतरवावी लागते, आणि रिकामा गळा साऱ्या वाडीला दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्षेत्रातील सर्वांत मोठा विस्तार रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ पासून सुरू केलेल्या श्री बैठकीचा झाला. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी दासबोधाचे निरूपण ऐकण्यासाठी जमणे, एवढेच तिचे बाह्य स्वरूप असते; परंतु वर्षानुवर्षे न चुकवता येणाऱ्या या हजेरीमुळे कोकणातील असंख्य कुटुंबांत दारू सुटली, असे त्या कुटुंबांतील माणसे सांगतात. नानासाहेबांना २००८ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. दासबोधाची रचना समर्थ रामदासांनी महाड तालुक्यातील शिवथरघळीत केली, अशी परंपरा असल्याने या बैठकीचे महाडशी असलेले नाते निव्वळ भौगोलिक जवळिकीचे नाही.

या सामुदायिक दाबाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. दारू सोडायला लावणारी गावकी, म्हणजे गावच्या प्रमुख कुटुंबांची निर्णय घेणारी बैठक, हीच दंड आकारते, लग्नाला किंवा मर्तिकाला जाण्यास मज्जाव करते आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकते. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा जो कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला आणि जो २०१७ मध्ये अमलात आला, त्यामागे रायगड जिल्ह्यातून पुढे आलेल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या गिरणगावात एकेका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्यांमुळे हाच दाब आणि हाच आधार परळ–लालबागपर्यंत पोहोचला होता. दिवसपाळी आणि रातपाळीवाले आळीपाळीने एकाच जागेवर पथारी टाकीत, आणि शहरात ओळखपाळख नसलेल्या माणसाला निदान पाठ टेकायला जागा मिळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तशी ही आधारव्यवस्थाही विरळ झाली.

स्वातंत्र्यानंतर दारूबंदीची जुनी मागणी सरकारने स्वीकारली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा त्याच वर्षी अमलात आला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. परवान्याशिवाय दारू बाळगणे व पिणे हा गुन्हा ठरला. मोहाच्या फुलांवरील बंधनेही नव्या कायद्यात चालू राहिली आणि महाराष्ट्रात ती थेट २०२१ मध्ये सैल झाली. पिणाऱ्याच्या शरीराला आणि मनाला दारूची जी सवय झालेली असते तिच्यातून त्याला बाहेर कसे काढावे, याविषयी कायद्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. तो पोलीस आणि न्यायालय यांच्या भाषेत लिहिला गेला होता. कुजका गूळ, नवसागर आणि पाणी यांवर हातभट्ट्या पेटू लागल्या. पहिल्या धारेची दारू ही दुकानातल्या बाटलीपेक्षा मिळवायला सोपी झाली आणि तिच्यात काय मिसळले आहे हे पिणाऱ्याला कळेनासे झाले. १९६० च्या दशकात वसंतराव नाईक यांच्या सरकारने परवाने सैल केले, देशी दारूच्या दुकानांसाठी १९७३ मध्ये नियम झाले, आणि तेव्हापासून दारूविक्रीचे सगळे परवाने दारूबंदी कायद्याखालीच दिले जातात. हा विनोद कोणी मुद्दाम रचलेला नाही, म्हणूनच तो अधिक बोलका आहे. वर्धा, गडचिरोली आणि २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूर अशा काही जिल्ह्यांत पुढे जिल्हाबंदी लागू झाली. रायगड त्या वाटेने गेला नाही.

व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार हवेत, ही समजूत महाराष्ट्रात सार्वजनिक पातळीवर आली ती गर्दमुळे, म्हणजे ब्राऊन शुगर या नावाने मुंबई–पुण्यात पसरलेल्या हेरॉइनच्या हलक्या प्रकारामुळे. अनिल अवचट यांच्या लेखनातून हा प्रश्न मराठी वाचकांपुढे आला, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी आर्थिक पाठबळ दिले, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. दाखल झालेल्या रुग्णाला आधी टर्की, म्हणजे नशा अचानक बंद केल्यावर होणारी थरथर, उलट्या, झोप उडणे आणि भ्रम यांतून औषधांनी बाहेर काढायचे, नंतर काही आठवडे समुपदेशन व दिनक्रम आणि घरी गेल्यावर दीर्घ पाठपुरावा, अशी या उपचाराची रचना असते. राज्य सरकारने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले आणि केंद्राने ऑगस्ट २०२० मध्ये नशामुक्त भारत अभियान सुरू केले. यांतील पाठपुराव्याचा भाग सर्वांत कठीण आणि सर्वांत निर्णायक असतो. त्यासाठी रुग्णाला घेऊन येणारा नातेवाईक, फेऱ्यांचे भाडे आणि तोच पत्ता महिनोन्‌महिने टिकणे आवश्यक असते. महाडच्या बाजारपेठेत राहणाऱ्या कुटुंबाला पुणे किंवा मुंबई गाठणे जड जात असले तरी अशक्य नसते. पोलादपूरच्या एखाद्या आदिवासी वाडीतून दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या माणसाचा पाठपुरावा कोणी कोठे करावा, याचे उत्तर धोरणात सापडत नाही.

या माणसाला कायद्याने बेघर म्हणावे की नाही, हा प्रश्नही सुटलेला नाही. शहरातल्या उघड्यावर राहणाऱ्यांकडे राज्याने दीर्घकाळ १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या नजरेने, म्हणजे पकडून गृहात ठेवण्याच्या वृत्तीने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचे निवारागृह असावे, असे प्रमाण मानले गेले. लाखाच्या निम्म्यालाही न पोहोचणारी महाड नगरपालिका किंवा त्याहून कितीतरी लहान पोलादपूर यांना हे माप लागूच पडत नाही. कातकऱ्याला तर झोपडी असते. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर पेंढा आणि हल्ली त्यावर निळी ताडपत्री, असे ते घर. पण ती झोपडी गावठाणात, म्हणजे गावकऱ्यांच्या राहत्या घरांसाठी राखलेल्या जमिनीत, क्वचितच असते. ती खाजगी मालकाच्या वरकस जमिनीत किंवा वनखात्याच्या हद्दीत असते, आणि मालकाने जमीन विकायला काढली की पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कुटुंब रातोरात अतिक्रमण करणारे ठरते.

यावर कायदेशीर उपाय नव्हता असे नाही. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम १६ ते १८ मध्ये कुळाला, तसेच शेतमजूर आणि कारागिराला, दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या राहत्या घरातून काढता येणार नाही आणि घराखालची जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा राहील, अशी तरतूद आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द वाढवूनही देऊ शकतो. अडचण पुराव्याची येते. कातकऱ्याच्या नावाने सातबाऱ्यावर नोंद नसते, घरपट्टीची पावती असली तर ती घराची असते, जमिनीची नसते, आणि तहसील कार्यालयातला जबाब बहुधा नेमका तो भट्टीवर असताना लागतो. दक्षिण रायगडात सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी उल्का महाजन यांच्या नेतृत्वाखाली जमीन आणि निवारा यांच्या हक्कासाठी अनेक वर्षे लढे दिले ते याच गाठीभोवती. इंदिरा आवास योजना, तिच्या जागी २०१६ मध्ये आलेली पंतप्रधान आवास योजना आणि आदिवासींसाठीची शबरी घरकुल योजना यांनी घर बांधायला पैसा दिला, परंतु त्यांना जागा आधी लागते. ही चूक ओळखून राज्याने २०१५ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी पन्नास हजार रुपयांपर्यंत साहाय्याची वेगळी योजना काढली. महाराष्ट्रातील पावणेतीन लाखांहून अधिक कातकऱ्यांना केंद्र सरकार विशेष असुरक्षित आदिम जमात मानते, आणि अशा जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरासाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे. घराखालच्या जमिनीचा तिढा मात्र या योजनेपुढेही तसाच उभा राहतो.

याच तालुक्यांत सरकारने घरे देण्याची तत्परता दाखवली ती दरडींनंतर. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे डोंगर खचून दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा मृत्यू झाला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही बळी गेले, आणि सावित्रीचे उगमस्थान असलेल्या महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडल्याने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळीयेच्या वाचलेल्या कुटुंबांना तात्पुरती कंटेनर घरे मिळाली आणि कायमची वसाहत उभारण्याचे काम म्हाडाकडे सोपवण्यात आले. हे काम मंद झाले, दासगावच्या दरडग्रस्तांनी तर कित्येक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली. तरीही दरडग्रस्ताला घर देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, याबद्दल कोणालाच शंका आली नाही. एका रात्रीत घर गमावणाऱ्याचा हक्क सर्वांना दिसतो. दीडशे वर्षांत हळूहळू गमावणाऱ्याला मात्र अर्ज करावा लागतो. दरडग्रस्तांच्या पुनर्वसनातही घर, रस्ता आणि पाणी यांची यादी झाली. आप्त गमावलेल्या माणसाने पत्र्याच्या खोलीत दारू जवळ केली तर काय करायचे, याला त्या यादीत रकाना नव्हता.

अन्यत्र हा प्रश्न वेगळ्या क्रमाने हाताळला गेला आहे. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात नशा सोडण्याची पूर्वअट न घालता आधी घर दिले गेले आणि उपचार त्या घराच्या आधाराने सुरू झाले. फिनलंडने २००८ पासून तेच राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. महाड–पोलादपूरची परिस्थिती त्या शहरांसारखी नाही, आणि तेथील नमुना येथे आणून बसवण्यात अर्थही नाही. परंतु आधी काय, हा त्या कार्यक्रमाचा प्रश्न येथे फार पूर्वी विचारला गेला होता: मार्च १९२७ च्या परिषदेत दारूबंदी आणि जमीन या दोन्ही गोष्टींचा आग्रह एकत्रच धरला गेला होता.

डिसेंबर १९२७ मध्ये बायकांच्या हाती दिलेला उपाय पुढे ऐंशी वर्षांनी कायद्याच्या रूपात परत आला. राज्याच्या मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातील किमान पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान बंद व्हावे असे वाटणारी बाई आडव्या बाटलीवर शिक्का मारते, आणि निरक्षर बाईलाही कोणाला विचारावे लागत नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांनी या मार्गाने दुकाने बंद केली. दुकान बंद होण्यासाठी मात्र झालेल्या मतदानातील बहुमत पुरत नाही, यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत खोके ठेवून मतदान होते त्या दिवशी जी बाई नवऱ्याबरोबर भट्टीवर विटा थापत असते, तिने कोणाच्याही बाजूने मत दिलेले नसते. मोजणीत मात्र तिची गैरहजेरी दुकान चालू ठेवणाऱ्यांच्या पारड्यात जाते.